कणसाची तारीख

डिसेंबर लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या, ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या आणि भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच बातमी फिरू लागते: हुरडा सुरू झाला. सोबत आगटीचा फोटो, खाली खाद्यपदार्थांची यादी, त्याखाली माणशी दर आणि मोबाइल नंबर. मग ठरलेली चर्चा सुरू होते. किती जण, किती गाड्या, लहान मुलांचे पैसे पूर्ण की अर्धे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणता रविवार. एक रविवार लग्नात जातो, एक कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेत, एका रविवारी गाडी सर्व्हिसिंगला असते. शेवटी जानेवारीअखेरचा रविवार पक्का होतो. एवढ्या चर्चेत एका पक्षाचं मत कुणी घेतलेलं नसतं. तो पक्ष म्हणजे शेतात उभी असलेली ज्वारी.

ज्वारीचं गणित वेगळं. कणसात दाणा धरतो, त्यात दूध भरतं, दुधाचा चीक होतो आणि चिकाचं पीठ होतं. दूध संपून चीक घट्ट होत असताना, पण दाणा कडक व्हायच्या आत, जे कणीस आगटीत जातं त्याचा हुरडा. त्याआधी काढलं तर दाणा पाणचट आणि चोळताना तळहातावर चिकट लगदा. नंतर काढलं तर दाताखाली खडा. या मधल्या अवस्थेत दाण्यात साखर भरपूर असते. पुढे तिचं पिष्ट होत जातं आणि गोडी उतरते. एका दिवशी पेरलेल्या रानात हुरड्याजोगी कणसं मिळतात ती साधारण आठ-दहा दिवस. म्हणजे हिशेबानं एक रविवार, नशीब असेल तर दोन.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. पावसानं भिजलेली जमीन थोडी सुकून वापसा आला की पाभर चालू. त्यानंतर हे पीक मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीत पडणाऱ्या दंवावर निभावतं. पेरणीपासून नव्वद ते शंभर दिवसांनी हुरडा, आणि तसंच उभं ठेवलं तर एकशेवीस दिवसांच्या आसपास काढणी. हे साधं गणित पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी गेल्या वीसेक वर्षांत शहराच्या कॅलेंडरला जोडून घेतलं. एकदम सगळं रान पेरायचं नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एकेक तुकडा पेरायचा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कुठला ना कुठला तुकडा हुरड्यात असतो. पाहुण्यांना वाटतं, हुरडा दोन महिने ‘चालू’ आहे. चालू असतो तो शेतकऱ्याचा आटापिटा.

वाणही तसेच निवडावे लागतात. भाकरीची ज्वारी म्हटली की मालदांडीचं नाव निघतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ इतकी वर्षं झाली तरी शेतकऱ्यांनी सोडलेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हुरड्याच्या ज्वारीला मात्र वेगळे गुण लागतात. दाणा गोड हवा, मऊ हवा आणि चोळताना कुसातून अलगद सुटायला हवा. गावोगावी त्यासाठी गुळभेंडी, सुरती, कुची कुची, काळी दगडी असे खास वाण राखलेले असत, बांधाकडेच्या चार ओळींत, घरच्यापुरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी म्हणून ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे वाण दिले, परभणीच्या विद्यापीठानं ‘परभणी वसंत’ दिला. सरकारी संशोधन केंद्रांनी एखाद्या पिकाच्या सहलीयोग्य अवस्थेसाठी वाण काढावा, हे तसं दुर्मीळच.

गोड दाण्याची पहिली खबर पाखरांना लागते. शेजारच्या रानातली मालदांडी सोडून थवे हुरड्याच्या तुकड्यावर उतरतात. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा पोरगा ही राखण करायचा. आता तो पोरगा शिक्रापूर-रांजणगावच्या कारखान्यात पाळीला जातो, म्हणून रानात चमकत्या फिती ताणलेल्या दिसतात, कुठे जाळी, कुठे नुसताच वाजवायला टांगलेला पत्र्याचा डबा. गोफण हल्ली पाहुण्यांच्या हातात असते, फोटोसाठी. दगड कुठे जाईल याचा भरवसा नसल्यानं ती बहुधा रिकामीच फिरवायला देतात, हे शहाणपणाचं आहे.

आगटीचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. हातभर लांबीरुंदीचा उथळ खड्डा, त्यात रचून पेटवलेल्या शेणाच्या गोवऱ्या. ज्वाळ उठलेली असताना कणीस घालायचं नाही, नाहीतर वरचं कूस जळतं आणि आतला दाणा कच्चा राहतो. धूर सरला, गोवरी लालबुंद झाली आणि तिच्यावर राखेची साय धरली की कणसं आडवी खुपसायची, देठ हातात ठेवून. मग ती सतत फिरवत राहायची. दाणे तडतडायला लागतात, कणीस जरा ढिलं पडतं, कच्च्या चाऱ्याचा वास जाऊन खरपूस वास सुटतो. तेवढ्यात ते बाहेर काढून झटकायचं आणि गोणपाटावर किंवा नुसत्या तळव्यांत चोळायचं. इथे खरी परीक्षा. भाजलेलं कणीस उघड्या हातांनी चोळणाऱ्या बाईच्या किंवा बाप्याच्या तळव्याची कातडी वेगळीच असते. सुपात पाखडून कोंडा उडवला की हिरवेगार दाणे ताटलीत येतात, आणि ते तेव्हाच खायचे. गार झालेला हुरडा दाताला चिवट लागतो. म्हणून आगटीभोवती बसलेल्यांनी हात पुढे करून वाट पाहायची, भाजणाऱ्यानं ज्याचा त्याचा वाटा टाकत जायचं, अशीच ही पंगत. ताट वाढून आणून द्यायची सोय इथे नाही. ज्या ठिकाणी ती केली आहे तिथे हुरडा वाईट लागतो, एवढं नोंदवायला हवं.

सोबतीला शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची आणि लसणाची चटणी. गूळ, दही, गोडीशेव, रेवड्या. बोरं, पेरू, ऊस. रानात हरभरा असेल तर घाट्यांसकट भाजलेला हुळा. वर पाणी पिऊ नका, ताक प्या, असं जुनी माणसं बजावतात. भोगीच्या मिश्र भाजीत आणि संक्रांतीच्या सुगडात याच दिवसांतला हा माल जातो: सोलाणे, गाजर, बोरं, उसाचे करवे, ओंब्या. मंडईत ‘सुगडाचं सामान’ म्हणून वाटा विकत घेणाऱ्या शहरी बाईच्या पिशवीत खरं तर जानेवारीतलं एक शेत असतं.

हुरड्याचं आमंत्रण ही गावाकडे पूर्वी मानाची गोष्ट होती आणि त्याला पैसे पडत नसत, असं सांगताना पुष्कळांचा गळा दाटून येतो. त्यात थोडी दुरुस्ती करायला हवी. बोलावणं असायचं ते सोयऱ्याधायऱ्यांना, मास्तरांना, डॉक्टरांना, तलाठ्याला आणि अडत्याला. शेवटच्या दोघांना घातलेला हुरडा वर्षभरात कुठे ना कुठे वळता व्हायचा. आगटी पेटवणारा सालगडी आणि भाकरी थापणाऱ्या बायका पंगतीला शेवटी बसायच्या. तेव्हा जुना हुरडा फुकट होता हे पाहुण्यांच्या बाजूनं खरं. नव्या हुरड्याचा दर निदान लिहिलेला असतो.

शेतात जमून जेवायच्या चाली महाराष्ट्रात कमी नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात इर्जिक होतं. एखाद्याचं नांगरटीचं काम अडलं की गावातले औतवाले आपापली बैलं घेऊन यायचे, एका दिवसात रान उलथून टाकायचे आणि शेतमालकानं सगळ्यांना जेवू घालायचं. ट्रॅक्टर आल्यावर ती चाल आटली. अजून जोमात आहे ती लातूर-धाराशिवकडची वेळा अमावास्या, त्यांच्या बोलीत येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला त्या भागात अख्खं गाव शेतात असतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, खिचडा, उंडे, बाजरीची भाकरी. लातूर शहरात त्या दिवशी बाजारपेठेत शुकशुकाट असतो आणि जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी शेतवाला बोलावतोच. पुण्यात शिकायला आणि नोकरीला आलेली लातूरची मंडळी त्या दिवसासाठी रजा टाकून गावी जातात. तारीख पंचांगाची, रविवार असो नसो. पुणेकरांच्या हुरड्याला असं पंचांग नाही, तिथे सगळा भार रविवारवर.

पुण्याला हुरड्यासाठी पन्नास किलोमीटर जावं लागतं ही गोष्टही फार जुनी नाही. मुठेवरचं खडकवासल्याचं धरण १८७९ साली पुरं झालं, कालवा वाहू लागला आणि हडपसर-मांजरीच्या अंगाला ऊस आणि भाजीपाला वाढत गेला. जिथे पाणी गेलं तिथून ज्वारी हळूहळू मागे सरकली. तरीही शहराच्या कडेला रानं होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघरी फिरून अभ्यास केला आणि तो १९१७ साली पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला. भारतातल्या खेड्यांच्या अर्थव्यवहाराचा असा बारकाईनं केलेला तो सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक. मान यांनी जुनी दप्तरं चाळून दाखवलं की त्या गावात १७७१ साली सरासरी चाळीस एकरांचं खातं होतं. १९१५ पर्यंत ते सात एकरांवर आलं होतं. नुसत्या शेतीवर घर चालत नाही, मजुरीची जोड लागते, कर्ज फिटत नाही, हे निष्कर्ष शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. आज पिंपळे सौदागरात एकराचा प्रश्न कुणाला पडत नाही, तिथे चौरस फुटांचा भाव चालतो.

हडपसरला वेगळा प्रयोग झाला. मगरपट्ट्यातल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्यानं न विकता एकत्र केली आणि स्वतःच नगरी उभारली. शेतकरी भागधारक झाले. त्यांच्याएवढं शहाणपण किंवा एकी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. महापालिकेची हद्द १९९७ साली वाढली, २०१७ साली अकरा गावं आत आली, २०२१ साली आणखी तेवीस. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नांदोशी, कोळेवाडी ही सगळी आता कागदावर पुणे शहर. यातल्या काही गावांत अजून दोन इमारतींच्या मधे ज्वारीचा तुकडा दिसतो. त्याच्या बांधावर प्लॉटिंगची पाटी असते, म्हणून तो पाहून फार हरखून जाऊ नये.

हुरड्याचा गाव म्हणून पुणेकरांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे मोराची चिंचोली. शिरूर तालुक्यात, नगर रस्त्यावरचं शिक्रापूर सोडून आत वळलं की कान्हूर मेसाईच्या शेजारी. नावाप्रमाणे चिंचा आणि मोर दोन्ही आहेत. सकाळी लवकर गेलं तर मोर अंगणात दाणे टिपताना दिसतात. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. ताम्हिणीच्या घाटात हजारो मिलिमीटर कोसळणारा पाऊस पुणे शहरापर्यंत येता येता सातशेवर येतो आणि शिरूरकडे आणखी उतरतो. म्हणूनच इथे ज्वारी-बाजरी टिकली. कोरडवाहू म्हणून ज्याला लग्नाच्या बाजारात उणेपण यायचं, त्याच रानात हुरडा, बैलगाडीची फेरी, मोर आणि जेवण असा संच तयार झाला. आता गावातल्या घराघरांवर कृषी पर्यटनाच्या पाट्या आहेत.

या धंद्याला नाव आणि आकार देण्याचं श्रेय बरंचसं पांडुरंग तावरे यांच्याकडे जातं. २००५ साली त्यांनी बारामती तालुक्यातून सुरुवात केली, शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं, आणि शेतावर राहायला येणारा माणूस हेही एक पीक आहे ही कल्पना महाराष्ट्रभर नेली. १६ मे हा दिवस आता कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो. राज्य सरकारला धोरण आणायला मात्र २०२० उजाडलं. त्या धोरणानुसार किमान एक एकर जमीन असलेला शेतकरी केंद्राची नोंदणी करू शकतो, आणि मुक्कामासाठी जास्तीत जास्त आठ खोल्या. आठच्या वर गेलं की ते हॉटेल, शेत नव्हे, हा त्यामागचा विचार योग्यच आहे.

या सगळ्या व्यवहाराचं खरं महत्त्व भावाच्या बाजूनं पाहिलं की कळतं. केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी ज्वारीचा हमीभाव संकरित वाणाला क्विंटलमागे ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये ठरवला. म्हणजे किलोला सदतीस रुपयांच्या आसपास, आणि तोही मिळाला तर. तीच ज्वारी वीस-तीस दिवस आधी, आगटीत भाजून, चटण्यांसह आणि दुपारच्या जेवणासह दिली तर माणशी काहीशे रुपये मिळतात. एक माणूस हुरडा खाऊन खाऊन किती खाणार? पाव किलो दाण्यात तो हात टेकतो. शिवाय कणीस लवकर काढल्यानं ताट हिरवंच राहतं आणि गोठ्यातल्या जनावरांना ओला चारा मिळतो. खर्च वाढतो हे खरं: मांडव, स्वच्छतागृह, वाढपी, सिलिंडर, गाड्या लावायला मोकळं ठेवलेलं रान. तरीही दर ठरवणारा शेतकरी, आणि तो देऊन बांधावर येणारा गिऱ्हाईक, हे चित्र आपल्याकडे विरळा.

याच जिल्ह्यात भावासाठी केवढं रान उठलं होतं याची आठवण इथे काढायलाच हवी. शेतकरी नेते शरद जोशींनी आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः शेती केली आणि तोटा का होतो याचा हिशेब मांडला. १९७८ ते ८० या काळात चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावासाठी आंदोलन पेटलं. १९८० च्या जानेवारीत रस्त्याच्या मागणीसाठी वांद्रे ते चाकण असा पायी मोर्चाही निघाला. हे वांद्रे खेड तालुक्यातलं डोंगरातलं गाव, मुंबईचं नव्हे. आपल्या मालाचा भाव आपण का ठरवायचा नाही, हा त्या आंदोलनाचा सवाल होता. कांद्याला त्याचं उत्तर आजही मिळालेलं नाही. फळं आणि भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, पणन मंडळाच्या मदतीनं शहरात शेतकरी आठवडे बाजार भरू लागले, आणि तिथे शेतकरी स्वतः तराजू धरून उभा राहिला. हुरड्यानं त्याहून पुढची मजल मारली, कारण इथे माल शहरात न्यावाच लागत नाही. तो नेण्याजोगा नसणं हीच त्याची ताकद ठरली.

त्यातला मोठा वाटा घरच्या बायकांचा आहे आणि तो नीट मोजला जात नाही. पाहुणे हुरड्याला येतात, पण पुढच्या वर्षी पुन्हा येतात ते जेवणामुळे. चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, भरीत आणि शिरूर-जुन्नर-आंबेगावकडची मासवडी. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं सारण भरून वळलेली ही वडी झणझणीत रश्शात टाकून खातात, आणि ती वळायला जो हात लागतो तो मोबदला देऊन आणता येत नाही. पाटीवर नाव मालकाचं, सातबारा मालकाचा, बँकेतलं खातं बहुधा त्याचंच. पहाटे चारला चूल पेटवणारीचं नाव निदान पाटीवर तरी यायला हरकत नसावी.

बिघाडही आहेत. पहिला म्हणजे रेन डान्स. ज्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हुरड्याच्या जाहिरातीत ‘रेन डान्स’ छापलेला असतो आणि तो मागणारे पुण्याहूनच येतात. दुसरा म्हणजे आवाज. मोर पाहायला आलेल्यांनी डीजे लावला तर मोर पळणारच. काही केंद्रचालकांनी दारू आणि डीजे बंद असल्याच्या पाट्या लावल्या आहेत आणि त्यापायी गिऱ्हाईक सोडलंय, त्यांचं कौतुक करायला हवं. तिसरी गोष्ट हुरड्याचीच. रविवारी दोनशे माणसं येणार असली आणि रानातला तुकडा पुढे गेलेला असला, तर चालक काय करणार? दुसऱ्याच्या रानातला, कधी दुसऱ्या जिल्ह्यातला, आदल्या दिवशी काढलेला हुरडा पिशव्यांत भरून येतो. गोडी रात्रीतून उतरते. पाहुण्याला फरक कळत नाही, कारण त्यानं खरा खाल्लेला नसतो. ही लबाडी म्हणावी तर तिची मागणी आपणच नोंदवलेली असते, महिनाभर आधी, आगाऊ पैसे भरून.

हवामानानं तर तारखांचा पार खेळखंडोबा केलाय. २०२५ साली मॉन्सून २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूरकडे ऐन पेरणीच्या दिवसांत पूर आले. रानात पाणी साचलं की वापसा येत नाही, पाभर धरता येत नाही आणि पेरणी पुढे जाते. पेरणी पंधरा दिवस लांबली तर हुरडाही तेवढाच लांबतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी आला तर फुलोऱ्यातल्या कणसात दाणाच नीट भरत नाही. आगाऊ नोंदणी घेतलेल्या शेतकऱ्याला त्या वेळी फोन उचलायचीही भीती वाटते.

हुरड्यापुरतंच पुण्याचं शेताशी नातं आहे असं नाही. डिसेंबरात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, तिथे बचत गटांच्या बायका आपल्या चटण्या-पापडांसह शहरात येतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. पुढे नारायणगाव-जुन्नरकडे द्राक्षं, पुरंदरला अंजीर, ज्याला २०१६ मध्येच मानांकन मिळालं. पावसाळ्यात गर्दी उलट्या दिशेला, मुळशी-मावळात भातलावणीकडे. वडगाव मावळच्या केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ इथला. चिखलात उतरून रोपांची मूठ हातात घेण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत रोपं दोरीवर, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या ठरलेल्या अंतरांवर लागतात. हौशी लावणीच्या ओळी नंतर घरच्यांनाच नीट कराव्या लागतात. लावणीला जाणाऱ्यांनी तिथल्या बाईंना आधी अर्धा तास नुसतं पाहावं. हुरड्यात निदान पाहुण्याकडून एवढीच अपेक्षा असते की त्यानं वेळेवर यावं आणि गरम असताना खावं.

 सगळं सुरळीत गेलं तर सप्टेंबरात पेरलेली ज्वारी डिसेंबरच्या उत्तरार्धात हुरड्याला येते, ऑक्टोबरातली संक्रांतीनंतर. ज्यांना जमेल त्यांनी बुधवार-गुरुवार बघावा, एक रजा टाकावी. आठवड्याच्या मधे गर्दी नसते, भाजणाऱ्याला घाई नसते आणि मोर अंगणात येतात. ज्यांना रविवारच मोकळा आहे त्यांनी दोन-तीन रविवार राखून ठेवावेत आणि पक्का कोणता ते शेतकऱ्याला ठरवू द्यावं. स्पीकर घरी ठेवावा. निघताना मागच्या वर्षीची चार-पाच किलो ज्वारी मागून घ्यावी आणि तिचा भाव शेतकरी सांगेल तो द्यावा. नंबर ग्रुपवर आहेच. फोन लावा, आणि रविवार सांगायच्या आधी कणीस कधी भरतंय ते विचारा.